शिक्का पूजेत आहे

अण्णा,

तुमची पेटी आज आली. दादाने बिऱ्हाड हलवताना अडगळ म्हणून ती माझ्याकडे पाठवून दिली. रेल्वेचा आकार एक रुपया दोन आणे, टांग्याला चार आणे, आणि हमालाने दोन आणे मागितले तेव्हा मी एक दिला. पेटी हलकी होती. आत निघाले ते असे: तुमचा बंद गळ्याचा काळा कोट, कसर लागलेला, चष्मा, मोतीबिंदूच्या डोळ्यावरची काच तुम्ही स्वतःच कागद चिकटवून झाकलेली, पूजेतली लहान घंटा, आणि सुतळीने बांधलेला कोऱ्या पासांचा गठ्ठा. कोट बोहारणीला देईन. घंटा चिंचेने घासून देव्हाऱ्यात ठेवली. पासांची मागची बाजू कोरी आहे, आणि चांगला कागद टाकून देणं माझ्याने होत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र त्यांच्याच पाठीवर लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण कागद हाती नव्हता असं समजा.

धाकटीने गठ्ठा पाहिला आणि विचारलं, "आई, हे कसले पास? नाटकाचे?" मी म्हटलं, माणसांचे. मग तिला सगळं सांगत बसावं लागलं. गावाबाहेर तारेचं कुंपण घालून आत माणसं ठेवली होती. त्यांनी काही चोरलं म्हणून नव्हे. ज्या जातींत ती जन्मली त्या जाती सरकारने चोरांच्या म्हणून लिहून ठेवल्या होत्या म्हणून. दिवसा ती गिरणीत जात, सकाळ-संध्याकाळ हजेरीला उभी राहत, आणि हजेरी चुकवून कुठे जायचं तर हा पास लागे. नाव, नंबर, कोठे जाणार, कारण, परत येण्याची वेळ, खाली शिक्का. पासावाचून सापडलं की थेट सजा. ती म्हणाली, "म्हणजे तुझे अण्णा तुरुंगात होते?" मी म्हटलं, नाही गं, तारेच्या बाहेर. हजेरीकारकून होते ते. तिला त्यात फार फरक दिसला नाही. पोर उठून खेळायला गेली.

अण्णा, तुम्ही मुळात मास्तर. शुक्रवार पेठेतल्या आपल्या शाळेत तुमच्या टेबलावर छडी नसे, आणि त्यावरून दुसरे मास्तर तुमची थट्टा करत. जेवायला बसताना चित्राहुती घालायच्या आधी तुम्ही दाराबाहेर डोकावून पाहत होतात, कोणी उपाशी तर उभं नाही ना. आई गेली, दादाच्या शिक्षणाचा खर्च आला, आणि दहा रुपये जास्त मिळतात म्हणून तुम्ही ती नोकरी धरलीत. फाटकासमोरच्या चाळीत आपल्याला दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या महिन्यात तुम्ही घरी येऊन जेवतच नव्हतात. "माणसांना नंबराने हाक मारायची म्हणजे जीभ जड होते गं," असं म्हणाला होतात. मी तुमच्या पानात दहीभात वाढत होते, ते मला स्वच्छ आठवतं.

आणि वर्ष झालं नसेल तोवरची ही दुपार. मी डबा घेऊन फाटकात येते. आत हजेरी चालली आहे, गिरणीला सुट्टी असावी. एक म्हातारा, कानाने अधू, त्याचा नंबर तुम्ही पुकारता आणि त्याला ऐकू जात नाही. पुन्हा पुकारता. शेजारचा त्याला ढोसतो तेव्हा तो दचकून "हाजर" म्हणतो. तुम्ही म्हणता, "आता ऐकू आलं ना? मग म्हणत राहा. दोनशे वेळा." तो म्हणू लागतो. तुम्ही डबा उघडता, पोळी मोडता, भाजीत मीठ कमी आहे म्हणता. तो म्हणतोच आहे. तुम्ही मोजत नाही आहात. मोजणारं कोणीच नाही म्हणून त्याला थांबता येत नाही. तुम्ही हात धुतलेत, पान लावलंत, आणि मग त्याच्याकडे लक्ष गेलं तेव्हा हसून म्हणालात, "अरे, अजून चाललंय होय? बस आता." रांगेतली दोन-चार माणसंही हसली. मीही हसले, अण्णा. त्यात हसण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यात तुम्ही मला टाक आणून दिलात, काळ्या दांडीचा, पितळी टोकाचा. "आपल्या घरात पहिली मॅट्रिक झालेली बाई," असं सांगत तुम्ही चाळभर पेढे वाटलेत. आणि मग तुमच्या डोळ्याने दगा दिला. पासावरच्या रेघा तुम्हाला दिसेनात. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल ही धास्ती. तेव्हा ठरलं की पास मी लिहायचे, शिक्का मी मारायचा, आणि तुम्ही फक्त सही ओढायची. सह्या करून ठेवलेले पास तर तुम्ही घरीच ठेवू लागलात. सकाळी नऊनंतर आपल्या ओट्यासमोर रांग लागायची. सतरा वर्षांची मी, आणि समोर माझ्या आजोबांच्या वयाची माणसं टोपी काढून उभी.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना पास दिले. एकाने आई वारली सांगितलं तर मला रडू आलं. तोच पंधरा दिवसांनी पुन्हा आला, आणि पुन्हा आईच वारली होती. तुम्ही पोट धरून हसलात. "त्याने तुझ्याकडून एकाच आईचं तेरावं दोनदा घालून घेतलं की!" आणि मग हसणं थांबवून, शाळेत कधी काढला नव्हता त्या आवाजात म्हणालात, "दया ही आपली खासगी बाब असते. पासावर सरकारचं नाव आहे. पुन्हा असं झालेलं मला खपणार नाही." तुमच्या तोंडून मला बसलेला तो पहिला आणि शेवटचा ओरडा. मी तो फार मनावर घेतला. मी हुशार मुलगी होते. शिकवलेलं पहिल्या खेपेला उचलत होते.

मग मी विचारू लागले. "आई वारली? कितव्यांदा?" रांग हसायची. रांग हसली की अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं वाटायचं. पास कोणाला द्यायचा आणि कोणाला उद्या ये म्हणायचं हे मी चेहरा पाहून ठरवू लागले. सकाळची पोथी मी रोज वाचतच होते, पण पूर्वी अर्ध्या तासात होणारा अध्याय आता तासभर चाले. दार उघडं ठेवून, रांगेला दिसेल अशी मी पाटावर बसे आणि संथ वाचे. देवाचं नाव घेत मी माणसं उन्हात उभी करत होते, आणि ती माझ्या भक्तीला हात जोडत होती. कोणी न सांगता अंगण झाडून जाई, कोणी दोन घागरी पाणी भरून ठेवी, कोणी सरपण फोडून देई. मोलकरीण मी काढून टाकली. तुम्ही माझ्या काटकसरीचं कौतुक केलंत.

त्या रांगेत एक बाई होती, माझ्याच वयाची. गिरणीत सूत गुंडाळायला जायची. तिची आई बार्शीकडच्या एका खेड्यात असायची, म्हणून ती दोन-तीन महिन्यांनी पास मागे. बाकी सगळी मला बाईसाब म्हणत. ती मला आक्का म्हणायची. एक दिवस मी पोथी वाचता वाचता रांगेत किती जण आहेत ते पाहत होते, तर ती मोठ्यांदा म्हणाली, "आक्का, एक डोळा द्येवाकडं नि एक आमच्याकडं. द्येव रागवंल की!" रांग हसली. त्या दिवशी मात्र रांग माझ्यावर हसली. तिला पास दिला, वेळेवर दिला, परत येण्याची वेळ जरा अलीकडची घातली एवढंच. तिला धावत यावं लागलं असणार. पण तेवढ्याने माझं समाधान झालं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पूजेला लावतात. गिरणीत साचे-माग पुजले जातात, सुताराकडे करवत, आणि आपल्या घरी तुमचं हजेरीबुक, दौत, माझा टाक आणि पासाचा शिक्का. मी पाटावर लाल खण घातला, त्यावर सगळं मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेला लावलेली वस्तू दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत हलवायची नाही, हे आईने शिकवलेलं. तुम्ही साहेबाच्या बंगल्यावर गेला होतात. मी पुरण वाटायला घेतलं होतं, तेवढ्यात ती आली. त्या दिवशी रांग नव्हती. ती एकटीच, आणि पळत आलेली.

"आक्का, आय अखेरची हाय माजी. मावसभाऊ आत्ता सांगून गेला. दुपारच्या गाडीनं ग्येले तर गाठ पडंल. तेवडा पास लिवा."

मी वाटता वाटता म्हटलं, "आज खंडेनवमी. शिक्का पूजेत आहे. उद्या पूजा उतरल्यावर ये."

"उद्यापतुर कुटं ऱ्हातीया ती?"

"मग मी काय करू? देवाला उठवू?"

"द्येवाला कशाला उठिवताय? तुमीच उठा की, आक्का."

ती थट्टेने बोलली नाही. तिच्या तोंडचं बोलणंच तसं होतं. पण मला त्या दिवशी हसलेली रांग ऐकू आली. मी म्हटलं, "फार बोलतेस तू. आई अखेरची आहे सांगणारे आम्ही पुष्कळ पाहिले." ती खालीच बसली, पायरीवर. "न्हाय बोलत. बसून ऱ्हाते. तुमचं आवरलं की द्या," म्हणाली. मी पुरण वाटलं. कणीक भिजवली. नैवेद्याची तयारी केली. पाट्यापासून त्या पाटापर्यंत सहा पावलं होती.

आईच्या तोंडात गंगाजल मी घातलं होतं, अण्णा. तुम्ही शाळेत होतात आणि दादा परगावी, मीच होते. माझा हात तिने धरून ठेवला होता, तो सोडवावा लागला. म्हणजे पायरीवर बसलेली ती काय मागते आहे हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

बाराच्या सुमाराला देखरेखवाल्यांची बायको आली. देखरेखवाले तुमच्या वरचे. त्यांनी एक शब्द टाकला असता तर तुमच्या डोळ्याची गोष्ट साहेबापर्यंत गेली असती. ती दारातूनच म्हणाली, "अगं, तुझं अक्षर बरं आहे. दुकानदाराला दोन ओळी लिहून दे, ही साडी बदलून अंजिरी रंगाची पाठव म्हणावं. उद्या सोनं लुटायला नेसायची आहे मला." मी उठले. हात पदराला पुसले. पूजेतला टाक उचलला, त्याचं कुंकू पुसलं, दौतीवरचं फूल बाजूला केलं, आणि सुवाच्य अक्षरात अंजिरी रंगाची चिठ्ठी लिहिली. वर म्हटलं, "काठ कसा हवा, तेही लिहू का?" टाक परत जागेवर ठेवून त्याला कुंकू लावलं. देखरेखवालीण गेल्यावर माझी नजर पायरीकडे गेली. ती सगळं पाहत होती. पदर खोचला आणि उठून गेली.

त्या वेळी मी तिला हाक मारू शकले असते. गाडीला दोन तास होते.

संध्याकाळच्या हजेरीला ती नव्हती. स्टेशनातच तिला धरलं होतं, गाडीत चढायच्या आधी. दसऱ्याला सकाळी तिला आणली. लोक आपट्याची पानं घेऊन एकमेकांच्या घरी जात होते आणि ती फाटकाशी उन्हात उभी होती. तुम्ही आत येऊन दार लोटून घेतलंत. "पास मागायला आली होती का ती?" मी म्हटलं, आली होती, शिक्का पूजेत होता. तुम्ही खांबाला टेकलात. मला वाटलं, आता तुम्ही माझ्या कानाखाली द्याल. मला ते हवं होतं असं आज वाटतं. तेव्हा भीतीच वाटली. तुम्ही दाराला कडी घातलीत. मग म्हणालात, "आली होती म्हटलं तर पास कोण लिहितं ते निघेल. ती आली नव्हती. कळलं?" आणि हजेरीबुकात तुम्ही स्वतः, एका डोळ्याने, वाकड्या अक्षरात लिहिलंत: परवानगी न मागता पळाली.

साहेब ओट्यावर आले तेव्हा तिला बरोबर आणलं होतं. ती त्यांना सांगत होती, "मागितला हुता, साहेब. ह्या आक्काला इचारा. ती वाचती ती पोथी तिच्या हातात द्या नि इचारा." साहेबाने मला इंग्रजीत विचारलं, ही बाई काल पास मागायला आली होती का. मी म्हटलं, "नो, सर." माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीचा उभ्या आयुष्यात एवढाच उपयोग झाला. पोथी कोणी हातात दिली नाही. सुशिक्षित मुलीचा शब्द पुरला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ती माझ्याकडे पाहत होती तेवढ्यात तिला कळलं. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी त्याची वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं. चार दिवसांनी तिचा मावसभाऊ फाटकाशी आला तेव्हा समजलं, म्हातारी दसऱ्याच्या पहाटे गेली. दुपारच्या गाडीने गाठ पडली असती.

तिला सजा झाली. सुटून आल्यावर ती पुन्हा रांगेत आली, आईचं वर्षश्राद्ध होतं तेव्हा. केस कापलेले होते. मला वाटलं होतं, तिने काही बोलावं. ती म्हणाली, "बाईसाब, एक दिसाचा पास द्यावा." मान खाली. मी पास लिहिला, दोन दिवसांचा लिहिला, आणि मनात म्हटलं, पाहा, मी वाईट नाही. तो जास्तीचा एक दिवस मी कितीतरी वर्षं पुण्य म्हणून सांभाळला. पुढच्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. तुम्ही साहेबाच्या हातून मला आहेर देवविलात, आणि त्या वसाहतीतल्या बायकांनी मांडव सारवला. तीही असेल त्यांत. मी पाहिलं नाही.

तुमच्यावर ठपका ठेवून मोकळं होता येईल असं पेटी उघडताना वाटलं होतं. अर्धं पत्र मी त्याच बेताने लिहिलं. तुम्ही मला त्या ओट्यावर बसवलंत, तुम्ही मला शिकवलंत, तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत. सगळं खरं आहे. पण खंडेनवमीला तुम्ही घरी नव्हतात. मी ती गोष्ट कीर्तनकारबुवांना एकदा आडून विचारली होती, पूजेतली वस्तू अडीअडचणीला उचलली तर दोष लागतो का. ते म्हणाले, क्षमा मागून उचलावी, देव समजून घेतो. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. देवाचं नाव मी पुढे केलं होतं. आड मी स्वतः उभी होते.

एकादशीचा उपास सोडताना पहिल्या घासाला जी चव लागते, ती मला त्या दुपारी लागत होती. कोणीतरी पायरीवर बसलं आहे, त्याचं सगळं माझ्या उठण्यावर आहे, आणि मी उठत नाही. राग तर पाट्यावर दोन हात फिरेपर्यंत निवला होता. त्यानंतर मी बसून राहिले ती त्या चवीसाठी. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, देवासमोरही असं उघड म्हटलेलं नाही.

म्हणून एवढंच विचारते. तो म्हातारा हाजर, हाजर म्हणत होता आणि तुम्ही जेवत होतात, तेव्हा तुम्हालाही गोड लागत होतं का? की तुमचं खरंच लक्ष नव्हतं? लक्ष नव्हतं असं असेल तर मग मी एकटीच तशी निघाले. दुसरं काही लिहू नका; प्रकृतीचं नको, आशीर्वाद नकोत. हे टपालात पडायचं नाही हे मला कळतं, तरी विचारल्यावाचून राहवत नाही. तुम्ही हो म्हणालात तर मला बरं वाटेल, अण्णा, आणि तसं वाटावं याची मला लाज वाटत नाही. उलट टपाली कळवावं.